पप्पा खाली झोपतात

पलंग आम्हा दोघा नवरा-बायकोसाठी घेतला होता, हे आता सांगूनही कुणाला पटणार नाही. चार वर्षांच्या लेकीचे पाय माझ्या बरगड्यांत, दोन वर्षांच्या लेकाचं डोकं माझ्या गळ्यावर, आणि नवरा खाली गादी टाकून निवांत घोरतो. त्या घोरण्याचा मला भयंकर राग येतो.

एकदा मुरगूडहून नवऱ्याचे मामा आले. चहा घेताना लेकीने त्यांना सांगून टाकलं, की पप्पा खाली झोपतात, मम्मी त्यांना वर घेत न्हाय. मामांनी कप खाली ठेवला. मी हसून काही सांगणार, तोवर त्यांनी चपला घातल्यासुद्धा.

पुढच्या रविवारी आमच्याच हॉलमध्ये बैठक बसली. मामा, गावाकडून सासूबाई, आणि जयसिंगपूरहून माझे आईवडील. त्यांना बोलावताना मला विचारायची गरजही कुणाला वाटली नव्हती. संसार मोडायला निघालेली बाई म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. वडिलांची मान खाली गेलेली बघून माझं डोकंच फिरलं. नवऱ्याला म्हटलं, तुम्हीच सांगा काय ते. तर हा शहाणा म्हणाला, "माझी काय तक्रार न्हाय." म्हणजे मी छळते आणि हा बिचारा सोसतो!

मी ताडकन उठले आणि मामांना बेडरूमच्या दारात नेऊन उभं केलं. पोरं दुपारची झोपली होती, पलंगभर आडवीतिडवी पसरून. विचारलं, "ह्यात कुठं घेऊ त्यांना?"

मामांनी नीट बघितलं. "कडंला एक मानूस बसतंय की," म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागले. मागोमाग सासूबाई आल्या. आता या शिकवणार, असं वाटून मी उत्तर तयारच ठेवलं होतं. पण त्या हळू आवाजात बोलल्या.

"आमचंबी असंच हुतं बघ. पोरं मोठी झाली, उठून गेली. पर मधली जागा तशीच ऱ्हायली."

गावी सासरे बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपतात. कंबरदुखीमुळे, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो.

हातातलं पातेलं तसंच टाकून मी बाहेर गेले. राग उतरला नव्हता, फक्त तो कुणावर काढावा ते कळेना. आईवडिलांदेखत, मामांदेखत नवऱ्याला सांगितलं, "ती खालची गादी आत्ताच्या आत्ता गुंडाळा."