माकोडेमामांचं वरचं बोलणं

जमिनीवर पाय असेपर्यंत माकोडेमामांना कशाबद्दलही मत नसे. यंदा पाऊस कसा वाटतो असे विचारले, तर ते आभाळाकडे पाहून मान हलवीत. ज्वारी कशी आली असे विचारले, तर ज्वारीकडे पाहून मान हलवीत. पण हेच मामा पुरुषभर उंचीच्या दगडावर चढले, की राज्यकारभारापासून वांग्याच्या भाजीपर्यंत सर्व विषयांवर त्यांना मत फुटे, आणि ते इतके नेमके असे की खाली उभ्या असलेल्या माणसाला उत्तर सुचत नसे.

मोठ्या काळ्या मुंगळ्याला आमच्या भागात माकोडा म्हणतात. मामांची कंबर तशीच बारीक, रंग तसाच, आणि उभ्या भिंतीवर ते तसेच चालत. त्यांचे खरे नाव मला शाळेच्या दप्तरातसुद्धा सापडले नाही; त्यांच्या मुलीच्या नावापुढे माझ्या आधीच्या मास्तरांनी 'माकोडे' असेच लिहून ठेवले होते. बाजारहत्नूरच्या बाजूला, कापसाच्या शेतांच्या कडेला आमचे गाव आणि गावाच्या मागे तो उभा धोंडा, ताडाच्या दोन-तीन झाडांइतका उंच. माथ्यावर शेंदूर लावलेला एक दगड होता. त्याला सगळे 'वरचा देव' म्हणत. दिवाळीच्या पाडव्याला त्याचा झेंडा बदलायचा, आणि तो मामांनीच.

झेंड्याबरोबर एक रिवाज होता. जो झेंडा बांधील त्याने सरलेल्या वर्षाबद्दल एक गोष्ट माथ्यावरून मोठ्याने बोलायची, आणि ती तो खाली उतरल्यावर कोणीही मनात धरायची नाही. याला 'वरचं बोलणं' म्हणत. निजामाच्या अखेरच्या दिवसांत, शेजाऱ्याशी बोलतानाही माणसे आधी मागे वळून पाहत, तेव्हा मामांनी जमिनीवर बोलणे सोडले ते सोडलेच. मी एकदा कारण विचारले. ते दगडावर होते, म्हणून उत्तर मिळाले. "खाली बोललं की ते कोणाच्या तरी हद्दीत पडते, मास्तर. हा धोंडा तलाठ्याच्या कागदात खराबा आहे. इथं काही पिकत नाही, म्हणून कोणी मालक नाही."

हैदराबादचे संस्थान भारतात विलीन झाले त्या वर्षीचे वरचे बोलणे मी गावात नवा असताना ऐकले. मामांनी झेंडा बांधला, कमरेवर हात ठेवून चारी दिशांना सावकाश पाहिले आणि म्हणाले, "सरकार बदललं म्हणतेत. मी चहूकडून पाह्यलं. सगळ्यात मोठं छप्पर अजून पाटलाचंच दिसून राह्यलं." गाव हसले. पाटीलही हसले, कारण रिवाजच तसा होता; मात्र हसताना त्यांचा हात मिशीवर होता. पुढे पहिली निवडणूक झाली, त्या वर्षी मामा वरून म्हणाले, "पाटलाची चिठ्ठी अन् माझी चिठ्ठी एकाच पेटीत पडली. कोणती कोणाची, ते या देवालेबी सांगता येणार नाही." त्या वर्षी पाटील हसले नाहीत आणि गाव मात्र दुप्पट हसले.

संगीताबद्दल मामांचे मत कडक होते. दिवाळीत शेजारच्या गोंडांच्या पाड्यावर दंडारी नाचाचे ढोल वाजत, ते ऐकायला ते मुद्दाम अर्ध्या धोंड्यावर जाऊन बसत. "ढोल खाली वाजते अन् पोटातून वर येते," ते म्हणत. भजनातल्या बाजाच्या पेटीवर मात्र त्यांचा राग होता. "तिच्यात सूर आधीच कापून ठेवलेले असतेत. पायऱ्या आहेत त्या. मले पायऱ्याच चढायच्या असत्या तर मी माडी नसती बांधली?" डोळे मिटून गाणाऱ्या बुवांबद्दल ते एवढेच म्हणाले होते, "खालचं पाहाले भेते बिचारा." जोड्यांविषयीही त्यांना बोलायचे असे. जोडा घातला की पाय बहिरा होतो, असे त्यांचे म्हणणे. आणि गावात कोणी नवे, करकर वाजणारे जोडे घालून आला, की मामा मोठ्या आस्थेने, वरून, त्याच्या पायांची चौकशी करीत.

या स्वभावाचा खरा जाच मामींना होता. "खाली मुका, वर रावा," त्या म्हणत. "मले काही विचाराचं असलं तर घराले शिडी लावा लागते." हे अक्षरशः खरे होते. घरातला कुठलाही मोठा प्रश्न आला, की मामी त्यांना कवेलू, म्हणजे कौले, नीट लावायला छपरावर धाडीत आणि स्वतः अंगणात उभ्या राहून विचारीत. मुलीचे स्थळ असेच ठरले. पहिल्या स्थळाबद्दल मामा छपरावरून म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. पण त्याच्या मायचं बोलणं ऐकलं का? सगळं आमी, आमी. आपल्या पोरीले 'मी' म्हणाले जागा भेटन का तिथं?" ते स्थळ मोडले. दुसऱ्या स्थळाच्या वेळी तर छपरावर फुटके कवेलू एकही उरलेले नव्हते. मामींनी एक मुद्दाम फोडले.

आता मला माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण मामांची गोष्ट त्याशिवाय पुरी होत नाही. मी भैंश्याच्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा. हैदराबादेत उर्दूतून शिकलो, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो आणि या गावात मास्तर म्हणून आलो. परंतु चार माणसांसमोर माझा आवाज घशातच बसे. माझ्या वर्गातली हजेरी मुले अंदाजाने देत. ओठ हलले की पहिला मुलगा 'हाजिर' म्हणे आणि बाकीचे क्रमाने पुढे जात. आमच्या शाळेचे छप्पर गळत होते. पावसाळ्यात मुले डोक्यावर पाट्या धरून बसत, आणि पाटीवर लिहायचे असले की शेजाऱ्याच्या पाटीखाली शिरत. शाळेच्या कमिटीचे प्रमुख पाटीलच. मी त्यांना तीन वेळा उर्दूत दरख्वास्त दिली, तीन वेळा समोर उभा राहून बोललो. प्रत्येक वेळी पाटील कानामागे हात नेत आणि म्हणत, "मास्तर, काही म्हणले का?"

एका पाडव्याला गाव पांगल्यावर मी धोंड्याच्या पायथ्याशी तसाच उभा राहिलो होतो. मामा पुरुषभर उंच दगडावर बसून पायांची माती झाडत होते. ते म्हणाले, "वर या." मी एकोणचाळीस वर्षांचा होतो आणि लहानपणी झाडावरही चढलो नव्हतो. कसाबसा वर गेलो आणि दोन्ही हातांनी दगड धरून बसलो.

"मास्तर, काऊन इतकं हळू बोलता?"

"भीती वाटते," मी म्हणालो.

"कशाची?"

"माणसांची."

"अन् आत्ता इथून पडाची वाटून राह्यली का नाही?"

"वाटते ना," मी जरा जोरातच म्हणालो.

"मंग माणसाची कुठं गेली?"

ती खरोखरच कुठे तरी गेली होती.

त्या दिवसापासून तीन वर्षे, शाळा सुटल्यावर, मी मामांकडून चढणे शिकलो. त्यांचा नियम एकच होता: दोन हात, दोन पाय, यांतले तीन धरून ठेवायचे आणि एकच हलवायचे. त्याच नियमाने ते सरकारचीही परीक्षा घेत. नाणे बदलले, कचेरीची भाषा बदलली, कायदे बदलले, तेव्हा मामा म्हणाले, "तीन धरून एक हलवाचं असते. हे तर चारही एकदम हलवून राह्यले. पडले नाहीत, हेच नवल." पण माथ्याच्या खाली एक जागा अशी होती, जिथे हा नियम चालत नसे. तिथे धोंड्याचे पोट पुढे आलेले होते. दोन्ही हात आणि एक पाय सोडून, उरलेल्या एका पायावर अंग वर झोकून पलीकडची कड धरावी लागे. मामा त्या जागेला 'सासर' म्हणत. "पोरगी सासरी जाताना काय तीन ठिकाणी धरून जाते?" सासरपर्यंत मी अनेकदा गेलो आणि तितक्याच वेळा तिथून परत आलो.

मग राज्यांची नवी रचना झाली ते वर्ष आले. आमचे हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटले गेले; किनवटकडचे सोयरे पलीकडे गेले, आम्ही अलीकडे, तेलुगू राज्यात राहिलो. मी संध्याकाळी तेलुगू अक्षरे गिरवू लागलो. त्या वर्षी दिवाळी आणि नवे राज्य जवळजवळ बरोबरच आले, आणि नेमके तेव्हाच मामांचे गुडघे गेले. पाडव्याच्या सकाळी ते काठी टेकीत धोंड्याशी आले, एक पाय कपारीत ठेवला आणि परत काढून घेतला.

पाटील पुढे झाले. "जाऊ द्या," ते म्हणाले. "झेंडा चिंचेले बांधू. वरचं बोलणं मी ओट्यावरून बोलतो."

मामांनी पाटलांकडे पाहिले. त्यांचे पाय जमिनीवर होते, त्यामुळे ते काहीच बोलले नाहीत. पण त्यांची मान या खेपेस हललीही नाही. पाटील ओट्यावरून काय बोलतील, हे गावाला ठाऊक होते. ते वर्षभर तेच बोलत असत. तेव्हा मी हात वर केला. वर्गात मुले करतात तसा, बोट उंच करून. मामी माझ्याजवळच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर काहीतरी म्हणून राह्यले," आणि त्यांनी मामांच्या हातातला झेंडा घेऊन माझ्या कमरेला बांधला.

सासरपर्यंत मी नेहमीसारखा गेलो. तिथे मात्र मी अडकलो. तीन जागी घट्ट धरले होते आणि चौथे हलवायला जागाच नव्हती. खाली सगळे गाव माना वर करून उभे होते. पाटलांचा आवाज आला, "उतरा मास्तर, तुमचं काम नाही ते." मी उतरायला पाय खाली सोडणार, इतक्यात दुसरा आवाज आला. तो आवाज इतकी वर्षे मी फक्त वरून येताना ऐकला होता. या वेळी तो खालून आला.

"मास्तर, तीन धराचं झालं. आता सोडा."

मी वाकून पाहिले. माकोडेमामा काठी टाकून, दोन्ही पाय जमिनीवर रोवून, पाटलांच्या अगदी शेजारी उभे राहून बोलत होते. मी सोडले. पुढचे मला नीट आठवत नाही. छाती खरवडली गेली आणि कड माझ्या हातात होती.

झेंडा बांधून झाला. वरच्या बोलण्यासाठी, कधी माथा गाठलाच तर म्हणून, मी तीन वर्षांपासून मनात एक सुरेख भाषण रचून ठेवले होते. त्यातला एकही शब्द माथ्यावर आलेला नव्हता. म्हणून मी मामांसारखेच केले. कमरेवर हात ठेवून चारी दिशांना पाहिले, आणि जे दिसले ते सांगितले.

"इथून शाळेचे छप्पर दिसते आहे. त्याला सात भोके आहेत. पाटलांच्या छपराला एकही नाही."

माझा आवाज पलीकडच्या टेकडीला लागून परत आला, तेव्हा मला तो कोणा दुसऱ्याचाच वाटला. मग हीच गोष्ट मी उर्दूत सांगितली, कारण जुन्या दरख्वास्ती त्या भाषेत होत्या. आणि मग, नव्या कचेरीत काय लागेल ते कोणी सांगावे म्हणून, गिरवलेल्या तेलुगूतही सांगितली: "बडि कुरुस्तुंदि." शाळा गळते.

खाली आधी मामी हसल्या, मग सगळे गाव. पाटलांनी कानामागे हात नेला नाही. नेण्यासारखे काही उरलेच नव्हते.

मी उतरलो तेव्हा माझे दोन्ही कोपर सोलले होते. मामांनी ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि सगळ्या गावासमोर, सपाट जमिनीवर, त्यांनी मत दिले. "मराठी तुमचं गुळगुळीत आहे मास्तर, उर्दू त्याहून गुळगुळीत. तेलुगू मात्र खडबडीत." मी मान खाली घातली. "खडबडीतच बरं," ते म्हणाले. "धराले जागा राहते."

त्यानंतर मामा आणखी सहा वर्षे जगले आणि त्या सहा वर्षांत त्यांनी जमिनीवरची सगळी थकबाकी फेडली. पारावर, विहिरीपाशी, बाजाराच्या वाटेवर ते बोलत असत. "पहिले शिडी लागायची," मामी म्हणत, "आता झाकण लागते." ते गेले त्या वर्षीच्या पाडव्यालाही मी झेंडा घेऊन वर गेलो, सासर मी त्यांनी सांगितल्याप्रमाणेच ओलांडले. पण त्यांची आठवण आली, की माझ्या डोळ्यांसमोर धोंडा येत नाही. एक आषाढातली सकाळ येते.

शाळेवर नवे कवेलू बसल्यानंतरचा तो पहिला पावसाळा. पाऊस छपरावर नुसता आपटत होता आणि आत एक थेंब नव्हता. मामा गुडघ्यांना तेल चोळत शाळेच्या दारात बसले होते. मी हजेरी घेत होतो, पावसाच्या वरताण आवाजात, एकेक नाव पूर्ण. पाच-सहा नावे झाल्यावर पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, हळू घ्या ना," ती म्हणाली. "ऐकू येऊन राह्यलं."

मी थांबलो. दारातून मामा छपराकडे कान लावून म्हणाले, "बसा बाई. घेऊ द्या त्यायले. वर ढोल बरा वाजून राह्यला."