रसवंतीला कोणतं तेल?

इंजिन बोंबलत होतं, पण रसाच्या मशीनचे रूळ काही फिरेनात. ऊस अर्धा आत अडकलेला अन मी रिकामा ग्लास घेऊन बाकावर. भरउन्हाळ्यातली दुपार. कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन देवसिंगभाऊंच्या रसवंतीवर टेकले होते.

माझं लोहाऱ्याला इंजिन ऑइलचं दुकान आहे, बरं का. जे काही शिकले ते काउंटरमागं उभी राहूनच. तो आवाज ऐकला अन मी ग्लास खाली ठेवला.

भाऊंनी जुनी मोटरसायकल स्टँडवर पक्की केली होती. मागचा टायर काढून रिमवर पट्टा चढवलेला. चाक फिरलं की रूळ फिरतात. आधी हेच काम त्यांच्या घरच्या, रुखमावहिनी, हातानं दांडा फिरवून करायच्या. त्यात खांदा गेला त्यांचा. म्हणून हा जुगाड.

गिऱ्हाइकं ताटकळलेली पाहून वहिनींनी पदर खोचला अन पुन्हा दांडा धरला.

"हात नको लावू म्हटलं ना!" भाऊ ओरडले.

"मंग लोकाइले काय पाजू? तुमच्या गाडीचा धूर?"

मी विचारलं, "भाऊ, तेल कोणतं टाकलं?"

"सगळ्यात भारी, ताई. कारचं. दुपारी इंजिन खडखड करे. म्हटलं, आता कंजुसी नाही. हिच्या खांद्याचा सवाल आहे जी."

आता याला काय रागवायचं? मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. कारचा तसा नसतो. म्हणून कारचं तेल या क्लचला फार निसरडं होतं. इंजिन फिरतं, जोर चाकापर्यंत पोचत नाही. शिवाय डब्यावर दोन आकडे असतात. पहिला सांगतो थंडीत तेल किती सहज वाहतं, दुसरा सांगतो तापल्यावर ते किती घट्ट राहतं. भाऊंचं तेल तापलं की पाण्यासारखं होणारं. रस्त्यावरच्या गाडीला वारा तरी लागतो. ही दिवसभर एका जागी, आपल्या उन्हात.

"याच्या आधी तेल कधी बदललं होतं?"

"कायले बदलू? किलोमीटरचा काटा पाहा ना, तिथंच आहे. गाडी कुठं गेली काय?"

"गाडी नाही गेली, पण इंजिन तर राबूनच राह्यलं ना, भाऊ."

"माह्यासारखं," वहिनी दांडा सोडून म्हणाल्या. "मीबी कुठं गेली नाही. तरी थकलीच ना."

भाऊंनी इंजिन बंद केलं. उठले अन मी सांगितलेलं तेल आणायला गेले. मोटरसायकलचंच, तापल्यावरही घट्ट राहणारं ट्वेन्टी डब्ल्यू फिफ्टी. जुनं तेल काढलं. आत चिकटलेलं कारचं तेल धुऊन निघावं म्हणून नवं थोडं टाकून इंजिन फिरवलं, तेही काढलं, मग पुरतं भरलं. मशीनच्या शाफ्टला जुन्या कुलरचं पातं बसवलं, इंजिनला वारा लागावा म्हणून. क्लच एकदा घसरला, दुसऱ्यांदा धरला. ऊस कडकडत आत गेला.

"अन आता बदलायचं कधी?" भाऊंनी विचारलं.

"काट्याकडं पाहूच नका. दर दुसऱ्या आठवडी बाजाराला बदला."

परवा पुन्हा गेले तर मशीन बंद. लगबगीनं जवळ गेले. पाहते तर भाऊ तेल बदलत होते अन वहिनी बाकावर बसून लिंबू चोखत होत्या.

"माही बी सर्व्हिसिंग चालू आहे, ताई," म्हणाल्या. "हे उठूच देत नाहीत."

तेव्हा दुकानात आलात की आधी गाडीचं नाव नका सांगू. ती दिवसभर काय करते ते सांगा. तेलाचं मग मी पाहते.