वहिनींचं मानधन

परवाच्या शोकसभेत मी बोललो, "नगरसेविका झाल्या, तरी आमच्या वहिनींनी विड्या वळणं सोडलं नाही. अशी साधी राहणी आता कुठं बघायला मिळते..." माणसं हळहळली. दोघांनी येऊन पाठीवर हात ठेवला. घरी आलो. वहिनींना जाऊन महिना होत आला आणि मी अजून थापाच मारतोय!

खरं सांगतो. निवडणुकीला उभं राहायची हौस माझी होती. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, आणि विडी कामगार बायकांची मतं मिळतील म्हणून मी थोरल्या वहिनींना पुढं केलं. भाऊ आधीच वारलेला. करमाळ्याकडच्या, मान खाली घालून बोलणाऱ्या वहिनी निवडून आल्या. बँकेत त्यांचं खातं मीच उघडलं. मोबाईल नंबर माझा, एटीएम कार्ड माझ्या खिशात. दर महिन्याचं मानधन, सभेचा भत्ता, सगळं त्यात यायचं आणि माझ्या जीपच्या डिझेलात, कार्यकर्त्यांच्या चहापाण्यात जायचं. सही त्यांची, मिरवणं माझं. एकदा सभेहून परतताना सात रस्ता चौकातल्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "भावजी, बाकीच्या बायका म्हणत्यात, सभेला बसल्याचं पैसं मिळत्यात. व्हय का?"

"छे हो वहिनी, ही समाजसेवा. पैसे कसले?"

"मग बरं की," म्हणाल्या आणि गल्लीभर अभिमानानं सांगत सुटल्या, "आमी फुकट काम करतो!" पुढं तंबाखूच्या धुळीनं खोकला धरला, तरी दवाखाना लांबवत राहिल्या. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर खर्च माझ्या गळ्यात पडला असता. इतका मी हलकट.

काल विड्यांचा पगार झाला. संध्याकाळी पुतणी सुमन आली आणि तिनं दुमडलेल्या दोन नोटा माझ्या हातावर ठेवल्या.

"हे कशाला गं?"

"डिझेलला, काका. आई दर पगाराला द्यायची न्हवं? म्हणायची, भावजी पदरमोड करून वॉर्ड सांभाळत्यात, आपलाबी हातभार लागू दे. दवाखान्याचं मागनं बघू."

व्हय, द्यायच्या. दर पगाराला द्यायच्या, आणि मी घ्यायचो... कालही सवयीनं माझी मूठ मिटली. सुमनसमोर जीभ उचलली नाही, म्हणून इथं, पेपरात लिहिलं. ती रविवारची पुरवणी वाचते.