आत गेलेलं माणूस

गल्लीत त्याला सगळे फाडे म्हणत. हे त्याचं आडनाव नव्हे. नाट्यगृहाच्या दारात उभं राहून त्याने जन्मभर तिकिटं फाडली, म्हणून फाडे. खालचा न्हावी गिऱ्हाइकांना सांगायचा, "भल्याभल्या साहेबांना ह्या माणसाने दारात थांबवलंय. मी निदान खुर्चीत बसवून कापतो, हा उभ्याउभ्या फाडतो."

फाडेची फाडायची एक रीत होती. तिकिटाच्या कडेला अंगठ्याच्या नखाने रेघ दाबायची आणि हलक्या हाताने दोन तुकडे करायचे. मोठा तुकडा प्रेक्षकाला परत, लहान तुकडा दाराशेजारच्या तारेत ओवायचा. हे करताना वर बघायचं नाही. वर बघितलं की ओळखीचं कुणीतरी निघतं, मग चार शब्द बोलणं येतं आणि मागची रांग खोळंबते. त्यामुळे फाडेला माणसं चेहऱ्यांपेक्षा हातांवरून जास्त ठाऊक. दुकानदाराचा हात, मास्तरांचा हात, नव्या नवरीचा हात.

आणि खेळ संपल्यावर शेवटची फेरी. एकेका रांगेतून चालत जायचं आणि आत कुणी राहिलं नाही ना ते बघायचं. दारातून आत सोडलेलं माणूस बाहेर आल्याशिवाय फाडेने कधी कुलूप लावलं नाही. झोपी गेलेले म्हातारे, रुसून बसलेल्या बायका, सगळ्यांना त्याने खांद्याला हात न लावता, नुसतं खाकरून उठवलं.

बायको लाँड्रीत इस्त्री करायची. तिच्या मनगटावर चटक्याचा एक गुळगुळीत डाग होता. कामावरून सुटली की ती थेट नाट्यगृहात यायची. शेवटच्या रांगेतली दाराजवळची खुर्ची विकायची नाही, ती नोकरांच्या घरच्यांसाठी, असा तिथला रिवाज होता. त्या खुर्चीत बसून तिने सगळी नाटकं फुकट बघितली. घरी जाताना फाडे विचारायचा, "कसं होतं?"

"छान होतं."

"गोष्ट काय होती?"

"असते तीच. तुम्ही भराभरा चला, दूध फाटेल घरी."

तिची मागणी एकच होती. "अहो, एकदा माझ्या शेजारी बसा ना. बायकांचे नवरे कसे शेजारी बसून झोपतात. तुम्ही आपले दारात खांबासारखे."

"नोकरी सुटू दे, मग बसतो. झोपतोसुद्धा."

नोकरी सुटली आणि फाडेने शब्द पाळला. खिडकीवर जाऊन रांगेत उभं राहून दुपारच्या प्रयोगाची दोन तिकिटं काढली, पाचव्या रांगेतली, मधल्या वाटेला लागून. बायकोने ती चारदा उजेडात धरून बघितली. न फाटलेलं तिकीट तिने आयुष्यात हातात धरलं नव्हतं. बाहेर घालायचे दोघांचे कपडे तिने त्याच दिवशी इस्त्री करून ठेवले.

प्रयोगाला थोडेच दिवस उरले असताना, एका सकाळी, "जरा टेकते" म्हणून ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर टेकली, ती टेकलीच.

लेक आली, जावई आला, लोक येऊन गेले. घर रिकामं व्हायला हवं होतं, पण फाडेला तसं वाटेना. बोलायच्या आधी ती घसा साफ करायची, तसा आवाज स्वयंपाकघरातून यायचा. कपाटाचं दार ती ढोपराने लोटायची, तसं ते दुपारी आपसूक लोटलं जायचं. खोलीत मध्येच तापलेल्या कापडाचा वास यायचा. फाडे घाबरला नाही. उलट, आवाज आला की तो हळूच "काय गं?" म्हणायचा आणि लेक ऐकतेय का ते बघायचा.

तिकिटांची आठवण आधी न्हाव्याला झाली. "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण त्या तिकिटांचं काय? माझा मेहुणा घेईल. बायको रुसलीये त्याची."

जावई म्हणाला, "कुणाला कशाला द्यायची? फोनवर टाकतो, घटकेत जातील."

लेकीने दोघांना गप्प केलं. "कुणाला द्यायची नाहीत की विकायची नाहीत. नाट्यगृह परत घेतं की नाही, बाबा?"

"घेतं. प्रयोगाच्या आधी आणून दिली तर."

"मग उद्या आपण परत करून येऊ. बाहेर काढून ठेवा. नाहीतर ऐन निघताना तुम्ही ती बघत बसाल."

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक आत आडवी झाली होती. फाडेने तिकिटं कपाटातून काढली आणि दाराकडे तोंड करून टेबलाशी बसला. दार उघडंच होतं. बायकोचं तिकीट वर होतं, त्याचं खाली. खिडकीवर काय सांगायचं ते तो मनात जुळवत होता. एवढ्यात उंबऱ्याशी चपलांचा आवाज आला. कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं.

फाडेने वर बघितलं नाही. हात आपसूक चालले. नखाने रेघ दाबली, तिकीट फाडलं, मोठा तुकडा समोर धरला. तो कुणीतरी घेतला.

"सरळ जा," फाडे म्हणाला. "डाव्या हाताला."

"बाबा, कोण आलंय?" आतून लेक म्हणाली.

फाडेने मान वर केली. दारात कुणी नव्हतं. त्याच्या चिमटीत लहान तुकडा होता. मोठा तुकडा टेबलावर नव्हता, खाली नव्हता, बाहेर जिन्यावरही नव्हता. लेकीने उठून कोपरान् कोपरा झाडला. "पंख्याने उडाला असेल," ती म्हणाली. पण पंखा बंद होता, हे तिलाही दिसत होतं.

त्या संध्याकाळपासून घर गप्प झालं. घसा साफ झाला नाही, कपाट लोटलं गेलं नाही. फाडे दोनतीनदा "काय गं?" म्हणाला. त्याचाच आवाज भिंतीला लागून परत आला. मग त्याच्या लक्षात आलं. सरळ जा, असं आपणच तिला म्हणालो. ज्या दारावर आपला जन्म गेला त्या दारातून आपल्याच हाताने तिला आत सोडलं. आता ती त्या काळोख्या नाट्यगृहात एकटी बसलेली असणार. हल्ली शेवटची फेरीसुद्धा कुणी धड मारत नाही म्हणतात.

सकाळी तो एकटाच खिडकीवर गेला. खिडकीवरच्या बाई त्याच्या जुन्या सोबतिणी. त्यांनी आधी डोळे पुसले, मग चष्मा पुसला.

"आणा इकडे, फाडे. मी घेते परत."

फाडेने आपलं अख्खं तिकीट आणि बायकोच्या तिकिटाचा लहान तुकडा पुढे सरकवला. बाई तुकड्याकडे बघत राहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मीच. हाताला सवय."

"अहो, मग हे कसं घेऊ मी? वर्षानुवर्षं तुम्हीच लोकांना दारात सुनावत होतात, फाटलं म्हणजे माणूस आत गेलं." बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. "तुमचं घेते परत. तिची खुर्ची राहू दे रिकामी. कुणाला विकणार नाही मी, शब्द देते."

"माझं नको घेऊ," फाडे म्हणाला. "मला जायला लागेल. तिला घेऊन यायचंय."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. काहीतरी विचारणार होत्या, पण त्यांनी तिकीट परत सरकवलं. "उद्या दुपारचा खेळ आहे. जेवून या."

लेकीला त्याने एवढंच सांगितलं की तो नाटकाला जाणार आहे.

"मग मी येते ना. आईच्या खुर्चीत मी बसते. खिडकीवरच्या मावशी सोडतील मला, फाटकं असलं तरी."

"ती खुर्ची भरलेली आहे."

"कोणी भरली? देऊन टाकलीत कुणाला?"

फाडे तिकीट खिशात ठेवू लागला.

"बाबा, ती माझीपण आई होती," लेक म्हणाली. फाडेला सगळं सांगावंसं वाटलं. पण सांगितलं तर ती उद्याच डॉक्टरकडे नेईल, आणि प्रयोग उद्याच होता. शेवटी लेकच म्हणाली, "बरं. मी बाहेर थांबते. तुम्हाला एकट्याला नाही सोडणार."

नवा दारवाला मिशीवाला, पोट सुटलेला, पण अदबीचा. "काका, तुमचं तिकीट मी फाडू?"

"रेघ दाब आधी. वेडंवाकडं फाडू नकोस."

पाचव्या रांगेत फाडे आपल्या खुर्चीत बसला. त्या खुर्च्यांना स्प्रिंग होती. माणूस उठलं की बैठक फटकन वर मिटायची. शेजारची खुर्ची मिटलेलीच होती. पलीकडचे एक जाडसर गृहस्थ तिच्यात आपली पिशवी अडकवू लागले.

"तिथे माणूस आहे," फाडे म्हणाला.

"कुठंय?"

"येईल."

"नाटक संपल्यावर येणार का?" गृहस्थ हसले, पण पिशवी त्यांनी मांडीवर घेतली.

पडदा वर गेला. लोक हसले, टाळ्या झाल्या. फाडेचं लक्ष शेजारच्या मिटल्या बैठकीवर. ती तसूभरही खाली आली नाही. म्हणजे बायको इथे नाही. मग कुठे गेली? चुकून दुसऱ्याच कुठल्या दाराने आत गेली की काय? मध्यंतर कधी होतंय असं त्याला झालं.

दिवे लागले, लोक चहाला बाहेर पडले. फाडे उठून एकेक रांग बघत मागे गेला. शेवटची रांग पूर्ण रिकामी होती. सगळ्या बैठका वर मिटलेल्या, फक्त दाराजवळची एक खाली.

स्प्रिंग गेली असेल, फाडे स्वतःला म्हणाला. त्याने बैठक हाताने वर केली. ती वर राहिली. त्याने हात काढला. बैठक हळूहळू खाली आली, गुडघे सांभाळत कुणी बसावं तशी. आणि तापलेल्या कापडाचा वास आला.

फाडेने शेजारच्या खुर्चीवर अंग टाकलं. समोर बघितलं आणि तो चमकला. या जागेवरून रंगमंच दिसतच नव्हता! मध्ये जाड खांब. कडेचा थोडा पडदा आणि एखाद्या नटाचा हात दिसला तर दिसला. इतकी वर्षं या खुर्चीत तिने बघितलं तरी काय? मान जरा वळवली की एकच गोष्ट पूर्ण दिसत होती. दार, आणि दाराशी दारवाल्याने उभं राहायची जागा.

दिवे गेले. दुसरा अंक सुरू झाला. फाडे पाचव्या रांगेत परत गेला नाही. तो शेजारी बसून राहिला, खांबाकडे बघत. एकदाही त्याने मान वळवली नाही. वळवली तर खुर्चीच दिसेल, ही त्याला भीती होती. लोक हसले तेव्हा तोही जरा हसला. मध्येच त्याला डुलकी लागली आणि कुणीतरी कोपराने ढोसल्यासारखं होऊन तो जागा झाला.

पडदा पडला. सगळीकडे बैठका फटाफट मिटू लागल्या. फाडे उठला, त्याची बैठक मागे वाजली. क्षणभराने आणखी एक वाजली, अगदी जवळ.

नवा दारवाला पुढच्या दाराशी अडकला होता. मागचं, शेवटच्या रांगेजवळचं हे दार कुणी उघडायचं? फाडेने दारावरचा पडदा बाजूला सारला, दार पाठीने रेटलं आणि आपल्या जागेवर उभा राहिला. माणसं बाहेर निघाली. त्याने मान खाली घातली. कोपरं गेली, पिशव्या गेल्या, लेकरांचे हात धरलेले हात गेले. त्या गर्दीत एक मनगट गेलं, इस्त्रीच्या जुन्या डागाचं. फाडेच्या हाताला ते ओझरतं लागलं. ऊन ऊन होतं.

वर बघावं की नाही? थांब म्हणावं, घरी चल म्हणावं, एवढ्यासाठीच तर तो आला होता. पण मागे रांग होती, आणि दारात माणूस अडवायचं ते आत शिरताना. बाहेर जाणाऱ्याला त्याने कधी अडवलं नव्हतं. त्याने दार आणखी थोडं रेटून धरलं, ऐसपैस जाता येईल इतकं.

शेवटी नवा दारवाला रांगांतून चक्कर मारून आला. "कुणी नाही, काका. लावू ना कुलूप?"

"लाव."

बाहेर लख्ख ऊन होतं. लेक पायऱ्यांवर बसली होती, ती धडपडत उठली. "बरे आहात ना? चेहरा असा काय झालाय? चला, घरी चला."

फाडे हलेना. त्याने रस्त्याच्या या टोकापर्यंत बघितलं, मग त्या टोकापर्यंत. लोक गल्ल्यागल्ल्यांत पांगत होते, कुणी वळणावर दिसेनासं होत होतं.

"कुणाला शोधताय, बाबा?"

"कुणाला नाही," फाडे म्हणाला. "खेळ सुटल्यावर माणसं कुठे जातात ते बघतोय. कधी बघायलाच मिळालं नाही."