हरणीची शिंगं

आश्विन वद्य प्रतिपदा, कोजागरीचा दुसरा दिवस. गोठ्यातली गव्हाण खरडता खरडता माझ्या मनात आलं, की दुसऱ्याच्या गायीच्या मरणाची इतक्या मायेनं वाट पाहणारा माणूस आमच्या भाऊजींशिवाय साऱ्या इंदापूर तालुक्यात सापडायचा नाही.

भाऊजी म्हणजे माझे चुलत दीर. डाळजच्या शिवारात, धरणाच्या पाण्याच्या अंगाला त्यांचा द्राक्षांचा मळा आहे. मळा म्हटलेलं त्यांना चालत नाही. ती इस्टेट आहे, तशी पाटी आहे, आणि त्या पाटीला गावातल्या शेळ्या अंग घासतात. एके काळी ते साधी खायची द्राक्षं पिकवत, वेळेवर फवारत, व्यापाऱ्याशी भांडत, चांगले शहाण्यासारखे वागत. मग कुठल्याशा अभ्यास-सहलीबरोबर आठवडाभर युरोपात गेले आणि मफलर गुंडाळून परतले. तेव्हापासून आमच्याकडे थंड हवामानाची लाल वाईन होते. डाळजला. जिथं एप्रिलात दारात राहिलेली चप्पल सावलीत निववल्याशिवाय पायात घालता येत नाही. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, तापमान पहाटेचं धरायचं असतं. दुपारी वेल झोपलेला असतो, त्याला काही कळत नाही. म्हणून त्यांचा थर्मामीटर पहाटे बाहेर येतो आणि ऊन चढायच्या आत डब्यात जातो.

थंड हवेपर्यंत मी काही म्हणत नव्हते. पण त्याच सहलीतून त्यांनी बायोडायनॅमिक शेती आणली. तीत चंद्राला विचारून छाटणी करतात. शिवाय व्यालेल्या गायीच्या शिंगात शेण भरून ते शरदात पुरायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला उकरायचं आणि त्यातलं मूठभर खत पाण्यात घालून तासभर ढवळायचं, आधी एका अंगानं, मग उलट. ते पाणी वेलांवर शिंपडायचं. ढवळताना भाऊजी कुणाशी बोलत नाहीत. जाऊबाई एकदा सांगायला गेल्या, की मोटार जळाली. यांनी हातानंच थांबवलं आणि बादलीतला भोवरा उलटा फिरवला.

एवढं करून वाईन कशी, तर जाऊबाई तिनं तांब्याची भांडी घासतात. आरशासारखी निघतात. एकदा पुण्याहून कुणी हॉटेलवाला चव बघायला आला. त्यानं घोट तोंडात घेतला, डोळे मिटले, मग धावत जाऊन बांधावर थुंकला. भाऊजी दिवसभर खुशीत. म्हणाले, "जाणकार माणूस कधी गिळत न्हाय, वैनी."

वाईन आंबट का होते याचा शोधही त्यांनीच लावला. निमगाव केतकीच्या बाजारातून पोतंभर शिंगं आणली होती, ती सगळी निघाली बैलांची. इतकी वर्षं मळ्याला बैलाचा गुण लागला म्हणे. आता गायीची शिंगं हवीत. पण आमच्या भागात दूध डेअरीला जातं, गोठ्यात संकरित गाई, आणि त्यांची शिंगं वासरूपणीच डागून टाकतात. शिंगं राखून असलेली, चार वेळा व्यालेली, म्हातारी खिलार गाय जवळपास एकच उरली होती. माझी हरणी.

झालं, भाऊजी रोज सकाळी येऊ लागले. चहा नको, पाणी नको, थेट गोठ्यात. "हरणी कशी हाय?" ती बरी आहे म्हटलं की यांचा चेहरा आनंदानं फुलायचा आणि लगेच जरा उतरायचा. माणसाच्या चेहऱ्यावर या दोन गोष्टी इतक्या लागोपाठ मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. आमचे हे एमआयडीसीत निघताना मोटरसायकलवरून ओरडायचे, "गिधाड आलं का गं?" भाऊजी आतून ओ द्यायचे.

जमीन जाऊबाईंच्या माहेरची. त्यांनी यंदा निक्षून सांगितलं होतं: कोजागरीपर्यंत खरी शिंगं पुरली तर आणखी एक साल द्राक्षांचा मांडव राहील, नाहीतर तो काढून ऊस. भाऊजींनी मान्य केलं. आणि नवरात्रात हरणी बसली. उठेना. वैरणीला तोंड लावेना.

मी व्यवहारी बाई आहे. भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार दिवस नाहीत, तुमचं काम होईल, शिंगं न्या, मी काही म्हणणार नाही.

ते दचकले. हळूच म्हणाले, "असं बोलू नका, वैनी. ती ऐकतीया."

मग त्या माणसानं काय काय केलं. भिगवणहून डॉक्टर आणला, पुन्हा आणला. सलाईनची बाटली हातात धरून उभे राहिले. हरणीची कूस बदलली, मफलर सोडून तिच्या पाठीवर टाकला. मळ्यातली छाटणी तशीच राहिली. आणि कोजागरीच्या सकाळी हरणी धडपडत उठली आणि तिनं पहिला घास म्हणून तो मफलरच चावला.

भाऊजी हसले. नंतर गव्हाणीवर बसून तिच्या शिंगांकडे बघत राहिले. "लई देखनी हायत," एवढंच म्हणाले आणि घरी गेले. प्रतिपदेला आले नाहीत. तिन्हीसांजेला गव्हाण खरडताना जाऊबाईंनी बोलावलेला ट्रॅक्टर रस्त्यावरून मळ्याकडे जाताना दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, शिंगं नाहीत तर निदान एवढं तरी म्हणून, हरणीचं ताजं शेण पाटीत भरलं आणि स्कुटीवर पुढं ठेवून मळ्यावर गेले. जाऊबाई ट्रॅक्टरवाल्याला मांडवाची कड दाखवत होत्या. मी म्हटलं, "त्याला माघारी लाव. तुझ्या नवऱ्यानं माझी गाय जगवली म्हणून तो हरलाय. पुढच्या कोजागरीपर्यंत थांब."

"आन् तवर पन ती न्हाय मेली तर?"

"तर त्याच्या पुढच्या."

जाऊबाई ट्रॅक्टरवाल्याला म्हणाल्या, "च्या घे आन् जा."

भाऊजी मांडवाखाली मफलरविना, मोकळ्या गळ्यानं उभे होते. पाटीत बोट घालून त्यांनी शेण निरखलं. "पोट साफ झालं की तिचं," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांकडे मी पाहिलं नाही. मला घरी कामं होती. निघताना एक बाटली मागून घेतली, हंडा काळा पडला होता.

घरी येऊन आधी एक घोट पिऊन पाहिला. गिळला. मग हंडा घासला.