चौदाचं एक्केचाळीस

गाडी पुलावर बंद पडली तेव्हा वैद्य घरी दुपारचं जेवत होते. ही गोष्ट त्यांना दुसऱ्या दिवशी दुकानात कळली.

वैद्य हे त्यांचं आडनाव नव्हे. ते गाड्यांच्या वायरिंगचं काम करत. जुन्या गाडीत मान कलती करून, श्वास धरून बसण्याची त्यांची रीत पाहून समोरचा पंक्चरवाला एकदा म्हणाला होता, "नाडी बघताय का वैद्यबुवा?" नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव तेवढं विजेच्या बिलावर उरलं.

नाडीची थट्टा फारशी चुकीची नव्हती. नव्या गाडीला यंत्र जोडलं की दुखणं पडद्यावर लिहून येतं. जुन्या गाडीला ते यंत्र लागत नाही. ती दिव्यानं बोलते. बोनेटखाली एक काळी डबी असते. तिच्यातली ठरावीक दोन भोकं तारेनं जोडायची, किल्ली फिरवायची, पण इंजिन सुरू करायचं नाही. मग समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. दोनदा लुकलुकला, जरा थांबला, पुन्हा दोनदा लुकलुकला, की झाले बावीस. बावीस म्हणजे इंजिनाचा ताप मोजणारा भाग गेला. प्रत्येक आकड्याला एक दुखणं. किल्ली काढेपर्यंत गाडी तेच तेच सांगत राहते, आणि आकडा संपला की जरा मोठा थांबा घेते.

"लुकलुक कुणीही मोजेल," वैद्य म्हणत, "थांबे मोजता आले पाहिजेत." मधला थांबा छोटा, शेवटचा मोठा. हे सुटलं तर आकडा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, कळायचं नाही. म्हणून त्यांचा नेम होता. तीनदा वाचल्याशिवाय तोंडातून आकडा काढायचा नाही.

भोकं जोडायला ते बायकोच्या केसांतली पिन वापरत. बायको दुकानाच्याच मागच्या खोलीत बसून गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. वैद्यांनी मागे हात केला की मशीन न थांबवता ती डोक्यातली पिन काढून द्यायची. संध्याकाळी तिचे केस मोकळे असले की पंक्चरवाला ओळखायचा, आज जुन्या गाड्या जास्त आल्या.

गेल्या वर्षभरात मात्र दिवा धूसर झाला होता. आधी त्यांना वाटलं, गाड्याच म्हाताऱ्या झाल्या, बल्ब मंदावले. मग घरातला बल्बही मंदावला. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कापसाचा गोळा दिसू लागला. चहा कपात ओतताना बशीत जाऊ लागला. बायकोनं कप मोठे आणले.

एकदाच ती बोलली. मोतीबिंदू असेल, दाखवून या, म्हणाली. वैद्यांकडे उत्तर तयार होतं. चालू असलेलं इंजिन उघडू नये, हा धंद्याचा पहिला नियम. उघडलं आणि काही बिघडलं तर? हात शाबूत असून काय उपयोग?

"चालू आहे, हे कोण म्हणालं?" बायकोनं विचारलं, आणि मशीनवर पाय ठेवला. पुढचं बोलणं मशीनच्या आवाजात बुडालं.

दोन आठवड्यांपूर्वी शाळेतल्या बाई गाडी घेऊन आल्या. गाडी वीस वर्षांची. बाई गणित शिकवायच्या. त्यांच्या यजमानांच्या किडन्या गेलेल्या; आठवड्यातून तीन दिवस रक्त शुद्ध करायला त्यांना गावाबाहेरच्या हॉस्पिटलात न्यावं लागे. इंजिनाचा दिवा लागला, म्हणून त्या थेट इथं आल्या. भर दुपार होती. ऊन काचेतून सरळ डॅशबोर्डवर पडलं होतं. वैद्यांनी पिन लावली, किल्ली फिरवली, सीटवर सरकून बसले आणि डोळे ताणले. दिवा चारदा लुकलुकला. मग एकदा. मग चारदा. डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी किल्ली काढली.

एक्केचाळीस. ॲक्सिलरेटर किती दाबला ते सांगणारा भाग.

त्यांनी एकदाच वाचलं होतं. नेम मोडला होता, हे त्यांना त्याच क्षणी ठाऊक होतं. पण बाई समोर उभ्या होत्या, आणि आकडा तोंडातून गेला होता. भाग बदलला. फ्यूज काढून गाडीची जुनी आठवण पुसली. दिवा विझला. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बघितलंत म्हणजे झालं."

आणि काल गाडी पुलाच्या मध्यावर बंद पडली. इंजिन गार होऊन परत सुरू व्हायला चाळीस मिनिटं लागली. हॉस्पिटलातली वेळ दुसऱ्याला गेली. यजमानांना रात्रीपर्यंत बाकावर बसावं लागलं. पाय सुजले, धाप लागली. रात्री उशिरा त्यांचा नंबर लागला.

बाईंनी हे सगळं सकाळी सांगितलं. आवाज चढवला नाही. पुढची पाळी उद्या आहे, एवढंच त्या म्हणाल्या. मग वह्यांचा गठ्ठा घेऊन दारातल्या स्टुलावर तपासायला बसल्या. यजमान गाडीत पुढच्या सीटवर बसून होते. उतरायचा त्रास त्यांना नको होता.

वैद्यांनी मागे हात केला. पिन हातात आली. मात्र या वेळी मशीन थांबलं होतं.

"मी बसते गाडीत," बायको हळूच म्हणाली. "मी दिवा बघून सांगते. तुम्ही नुसतं ऐका."

"बाई बसल्यात समोर."

"मग?"

तीस वर्षं ज्या माणसानं दिवा वाचला त्यानं आता बायकोला विचारून सांगायचं? त्यांनी मान हलवली. बायकोनं खांदे उडवले आणि पुन्हा शिवायला घेतलं.

वैद्य तिथंच उभे राहिले. पिन बोटांत फिरवत. मागे मशीन चालू होतं. एक लांब धाव. ही पाठीची कड. थांबा. छोटी धाव, थांबा, छोटी धाव. हा कोपरा आला. मोठा थांबा, आता कापड वळवलं. तीस वर्षं ते या आवाजाकडे पाठ करून काम करत होते, आणि मागे वळून न बघता त्यांना ठाऊक असायचं की कव्हर कुठवर आलंय.

पिन त्यांच्या बोटांत थांबली.

भंगाराच्या खोक्यातून त्यांनी एक जुना बझर काढला. दार उघडं राहिलं की गाडीत पीं करून वाजतो, तसला. डॅशबोर्डच्या मागे हात घालून इंजिनाच्या दिव्याची वायर शोधली. या कामाला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. दिव्याला जोडून बझर लावला. आता दिवा लागेल तेव्हा बझर बोलेल. काळ्या डबीत पिन घातली, किल्ली फिरवली, आणि ते डोळे मिटून बसले. शेजारी यजमान होते. त्यांनी एकदा वैद्यांकडे पाहिलं, एकदा बझरकडे.

पीं.

छोटा थांबा.

पीं पीं पीं पीं.

मोठा थांबा.

पीं.

वैद्यांनी तीनदा ऐकलं. मग चौथ्यांदाही ऐकलं, पण ते मोजायला नव्हे. चौदा. गाडी पहिल्यापासून चौदाच सांगत होती. त्या दुपारी सीटवर सरकेपर्यंत पहिली लुकलुक उनात हरवली. पुढे डोळे ताणण्यात सगळं लक्ष गेलं आणि थांबे निसटले. एक-चार, एक-चारच्या माळेतलं पहिला मणी गळाला, आणि त्यांनी चार-एक, चार-एक ओढलं.

चौदा म्हणजे ठिणगी पडल्याची खबर इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. खबर आली नाही की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. गाडी जागच्या जागी बंद. पुलावर असली तरी.

त्यांनी बोनेट उघडलं. ठिणगीच्या डबीपासून निघणाऱ्या वायरी एकेक करून दोन बोटांत धरल्या आणि अलगद ओढून पाहिल्या. चांगली वायर ताठ राहते. तिसरी वायर मधेच रबरासारखी ताणली गेली. वरचं आवरण धड होतं, आतलं तांबं तुटलेलं. गार असताना टोकं एकमेकांना टेकत, इंजिन तापलं की सुटत. त्यांनी तेवढा तुकडा कापला, नवी वायर जोडली, कथलाचा डाग दिला. अर्ध्या तासाचं काम. दोन आठवड्यांपूर्वीही अर्ध्या तासाचंच होतं.

इथं गप्प बसता आलं असतं. एक भाग बदलला होता, आता दुसरा बिघाड निघाला. जुन्या गाडीत असं होतंच. पंक्चरवाला समोरून हेच म्हणाला. "जुनी गाडी, वैद्य. आज एक दुखणं, उद्या दुसरं." त्यानं चांगल्या मनानंच म्हटलं होतं.

वैद्य बाईंसमोर जाऊन उभे राहिले. हात पुसायला कापड घेतलं होतं, ते पुसायचं राहूनच गेलं.

"बाई, दुसरं दुखणं नाही. तेच आहे. गाडी चौदा सांगत होती, मी एक्केचाळीस वाचलं."

बाईंची लाल पेन्सिल वहीवर थांबली. आधी यजमानांचाच आवाज आला, गाडीच्या उघड्या खिडकीतून.

"चाळीस मिनिटं मी पुलावर पाणी बघत बसलो होतो," ते म्हणाले. "मला दिवसाला मोजून दोन पेले पाणी. खाली अख्खी नदी." त्यांना दम लागला. मग म्हणाले, "माणूस चुकतो. पण तुम्ही खात्रीनं चुकलात. शंका आहे म्हणाला असतात तर आम्ही दुसरी गाडी बोलावली असती."

वैद्यांनी मान खाली घातली.

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. कशा, तर उत्तर चुकलं म्हणून नव्हे, चूक कुठून आली ते शोधत असल्यासारख्या. त्यांनी हातातली वही त्यांच्यापुढे धरली. "हे वाचा बरं."

वैद्यांनी वही हातात घेतली. लांब धरली, जवळ धरली. पानावर निळसर धुकं होतं, त्यात कुठे कुठे लाल.

"फळ्यावरचं चौदा एक्केचाळीस उतरवणारी मुलं दर वर्षी माझ्या वर्गात असतात," बाई म्हणाल्या. "पूर्वी मी त्यांना रागवायची. आता आधी बघते, फळा दिसतो का. दिसत नसेल तर पहिल्या बाकावर बसवते. आणि घरी चिठ्ठी पाठवते."

त्यांनी वहीचं मागचं कोरं पान फाडलं. चार ओळी लिहिल्या, घडी घातली. चिठ्ठी वैद्यांच्या हातात दिली नाही. त्यांच्या बाजूनं आत गेल्या आणि मागच्या खोलीत मशीनवर ठेवली.

बायकोनं ती वाचली. पुन्हा वाचली. वैद्यांनी विचारलं, काय लिहिलंय?

"पालकांसाठी आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची गाडी दुकानासमोर थांबली. डोळ्यांचा विभाग त्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर होता. वैद्यांनी स्वच्छ सदरा घातला होता आणि खिशात टेस्टर ठेवला होता. बायकोनं टेस्टर काढून घेतला. ते तोंड वाकडं करून मागच्या सीटवर बसले. पंक्चरवाल्यानं समोरून आवाज दिला, की वैद्यांनाच दवाखाना, कलियुग आलं. कुणी हसलं नाही म्हणून तो एकटाच हसला, आणि मग जरा वेळानं म्हणाला की दुकानाकडे मी बघतो.

बझर अजून डॅशबोर्डखाली लोंबकळत होता. वैद्यांनी मुद्दामच ठेवला होता. पिन काढलेली होती, पण बिघाड परत आला तर दिवा लागेल, आणि दिवा लागला की बझर वाजेल. तेवढं त्यांना मागून ऐकू येणार होतं.

पूल आला. बाईंनी वेग कमी केला नाही, पण बोलणं थांबवलं. यजमानांनी खिडकीची काच वर केली. वैद्यांनी डोळे मिटले. इंजिन तापलेलं होतं, ते आवाजावरूनच कळत होतं. चाकांखाली पुलाचे सांधे येत होते. एक धक्का, थांबा. एक धक्का, थांबा. सगळे थांबे सारखे. ते मोजत राहिले.

सांधे संपले. रस्ता गुळगुळीत झाला. बझर गप्प होता.

"वाजला नाही," पुढून यजमान म्हणाले. आवाजात माफी नव्हती. पण त्यांनी काच पुन्हा खाली केली.

"जातानाचं झालं," वैद्य म्हणाले. "येताना पुन्हा ऐकू. तीनदा ऐकल्याशिवाय मी काही सांगणार नाही."