फोर्कवरचं कुंकू

आमच्या गोडाऊनमध्ये अख्खा आठवडा सोमवारीच तपासून व्हायचा. फोर्कलिफ्ट सुरू करण्याआधी रोज एक चेकलिस्ट भरायची असते: ब्रेक, हॉर्न, साखळी, ऑइलची गळती, फोर्कला तडा. प्रत्येक वाराला वेगळा रकाना. आमचे दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर सोमवारी चहा पितापिताच शनिवारपर्यंतचे रकाने टिक करून मोकळे. गुरुवारी ब्रेक कसे असणार हे सोमवारीच सांगणारे असे एकेक ज्योतिषी.

मी मात्र रोज वाकून बघायचे. फार शहाणी होते म्हणून नव्हे, भीती वाटायची म्हणून. नवरा गेल्यावर किन्हवलीकडच्या आमच्या गावातून रोज जीपने आटगावच्या या गोडाऊनमध्ये यायला लागले आणि चार वर्षं पॅकिंगच्या टेबलाशी उभ्याने स्टिकर चिकटवले. मग कंपनीने बायकांनाही फोर्कलिफ्ट शिकवायचं काढलं. मी हात वर केला, शिकले, परीक्षा पास झाले आणि तीन महिन्यांच्या ट्रायलवर दोन नंबरचं मशीन मिळालं. ट्रायल नीट गेली तर पर्मनंट ऑपरेटर, नाही गेली तर पुन्हा स्टिकर. ते स्टिकर मला स्वप्नातसुद्धा नको होते.

एक नंबरचं मशीन काकांचं. काका म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने ऑपरेटर, मुरबाडकडचे. मला वाकलेलं बघून म्हणायचे, "काय गो, मशीन बघतेस का सून बघतेस?" मी म्हणायचे, "सून बघायला एवढा टाइम कोण देतो, काका?" राग यायचा. पण माणूस वाईट नव्हता. मागे घेताना आरशावर विसंबायचं नाही, मान वळवून बघायचं, हे मला त्यांनीच शिकवलं.

फोर्क म्हणजे मशीनच्या पुढचे दोन जाड लोखंडी दात. वरून उभे खाली येतात आणि काटकोनात वळून मालाखाली शिरतात. त्या वळणाला टाच म्हणतात. सगळा भार तिथेच येतो. दसऱ्याला मशीनं धुतली, झेंडूचे हार घातले आणि काकांनी तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं दोन्ही मशीनच्या फोर्कवर ओढली, वरपासून पार टाचेपर्यंत. मी मागेच उभी राहिले. मागे हो असं कोणी म्हटलं नव्हतं. सवयीने पाय मागे गेले, आणि त्या पायांचाच मला संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉकवर दोन ट्रेलर लागलेले. माझ्या ट्रायलचे आठ दिवस उरलेले. चेकलिस्ट घेऊन मी मशीनपाशी गेले. ब्रेक ठीक, हॉर्न ठीक, साखळी ठीक. फोर्कला तडा आहे का? टाचेवर कुंकवाचा हा एवढा थर. खाली काय आहे ते देवालाच ठाऊक. मी खिशातून फडकं काढलं.

"अगो, काय करतेस?" काका त्यांच्या मशीनवरून ओरडले. "पुजेचं कुंकू हाय ते. पुसू नको. जाईल आपसूक."

"खालचं दिसत नाय, काका."

"काल धुतलं तवा बघितलं की. काय नाय तिथं. टिक मार आन् चल."

हात थांबला. खोटं कशाला सांगू, मलाही ते पुसवत नव्हतं. माझ्या कपाळावरचं पुसताना बायकांनी मला विचारलं नव्हतं. आणि आता मीच, सगळ्यांसमोर, सणाचं कुंकू पुसायचं? पुढे काही बरंवाईट झालं तर बोट माझ्याकडेच वळणार होतं. पण न बघता टिक केलं असतं, तर त्या फोर्कच्या आसपास माल लावणारी आमच्याच भागातली चार माणसं वावरणार होती. मी दात-ओठ खाऊन पुसलं.

बाकीचं सगळं कुंकू निघालं. टाचेवरची एक आडवी, केसाएवढी रेघ मात्र लालच राहिली. पुन्हा पुसली, तरी जाईना. नख फिरवलं तर नख अडकलं. कुंकू तड्यात शिरून बसलं होतं.

मी त्या रकान्यात फुली मारली, चावी काढली आणि 'वापरू नका'ची पाटी अडकवली. सुपरवायझर धावत आले. वय माझ्याहून कमी, आवाज जास्त.

"मॅडम, ओरखडा आहे तो. दोन ट्रेलर उभे आहेत. ट्रायलवर आहात, लक्षात आहे ना?"

चांगलंच लक्षात होतं. "ओरखडा निघाला तर परत पॅकिंगला पाठवा, सर. पण हे मशीन मी चालवणार नाय." त्यांनी चिडून मेकॅनिकला फोन लावला.

एकट्या काकांच्या मशीनवर ट्रेलर खाली होत राहिले. दुपारी मुरबाडहून मेकॅनिक आला. तडा शोधायला त्याच्याकडेही लाल रंगाचंच पातळ औषध होतं. ते लावून पुसायचं, वरून पांढरा फवारा मारायचा, तडा असला की लाल रेघ उमटते. उमटली. फोर्कच्या निम्म्या रुंदीएवढी.

"कुंकवानंच काम केलं की माझं," तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "भार घेतला असता तर फोर्क तुटून कोनाच्या तरी पायावर आला असता."

सुपरवायझरनी सॉरी म्हटलं नाही. माझ्या फुलीशेजारी सही केली आणि म्हणाले, "आठ दिवस थांबायला नको. तुमचं नाव आजच पर्मनंटसाठी पाठवतो." मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

मेकॅनिकला आता एक नंबरचंही मशीन बघायचं होतं. सगळे काकांकडे बघायला लागले. काका खाली उतरले. फोर्कला एकदा हात जोडले आणि आपल्या हाताने कुंकू पुसलं, टाच लख्ख होईपर्यंत. मेकॅनिक पुढे झाला, तर त्याला त्यांनी हाताने थोपवलं.

"तू ये गो," ते मला म्हणाले. "आदी तू बघ."

मी वाकले. डावी टाच, उजवी टाच. नख कुठेच अडकलं नाही.